सिस्टरचा कूलर

नागपुरात भाड्याची खोली शोधायला निघालं की घरमालक आधी आडनाव विचारतो. आडनावानं भागलं नाही तर गाव विचारतो, आणि गावानंही भागलं नाही तर 'मटण-मच्छी चालते का' असं विचारून बरोबर पत्ता काढतो. सिस्टरांच्या घरी खोली पाहायला गेलो, तर त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं.

"सिगरेट पितो?"

"नाही," मी म्हणालो.

पदराला उलटं लावलेलं घड्याळ त्यांनी बोटानं वर केलं, काट्याकडे पाहत थोडा वेळ थांबल्या आणि मनगट सोडून दिलं.

"पितो. घरात पिऊ नको. खोली मागं आहे, पाहून घे."

मी तेव्हा हिंगण्याच्या एका कारखान्यात नवीनच लागलो होतो. कंपनीची बस घराजवळून जायची, म्हणून ती खोली मला हवीच होती. नसती तर खोटं पकडलं गेल्याच्या रागात मी तिथूनच परतलो असतो. तसा मी रागीट माणूस आहे. पण सिस्टरांच्या घरात रागवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्या ते इतकं मन लावून करत, की दुसऱ्या कुणाला जागाच उरत नसे.

धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात त्या हेड सिस्टर होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी साडी पांढरी, पदराला घड्याळ आणि बोलण्यात वॉर्डातला दरारा. साऱ्या लाइनीत, म्हणजे आमच्या घरांच्या रांगेत, त्यांना सिस्टर म्हणत. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. भाजीवाला "आत्ताच तोडली, बाई" म्हणाला की सिस्टर त्याचं मनगट धरत, आणि भाजीवाला म्हणे, "काल तोडली, पण सायंकाळी." नाडीवरून खोटं ओळखता येतं का, हे मी एकदा एका डॉक्टरला विचारलं. तो हसला. हसेना का. सिस्टरांनी मनगट धरलं की भल्याभल्यांच्या तोंडून खरं बाहेर पडायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे एक प्रश्न. "कुठं लिहिलं आहे?" पोस्टात, बँकेत, रेशनच्या दुकानात, कुणी 'तसं चालत नाही' म्हणालं की सिस्टर शांतपणे पर्स मांडीवर ठेवून विचारत, "कुठं लिहिलं आहे ते दाखव." आणि लिहिलेलं असलं तर निमूट मानत. हे लोकांना कळत नसे. सिस्टर भांडकुदळ आहेत, एवढंच लोकांना माहीत. पण मे महिन्याच्या भर दुपारी, चौकात कुत्रंही नसताना, लाल सिग्नलला लुना थांबवून उभी राहिलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. मी मागच्या सीटवर होतो. माझी टाळू भाजत होती.

"सिस्टर, कोणीच नाही हो. चला ना."

"तू आहेस ना. मी आहे ना," त्या म्हणाल्या.

घरातही त्यांचे नियम होते. बोळातल्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेले, भाडेकरूंसाठी. फक्त एक सवलत होती. रविवारी सकाळी कुठल्याही नियमावर भाडेकरूनं तक्रार करावी आणि सिस्टरांनी त्याचं कारण सांगावं. सांगता आलं नाही तर नियम रद्द. मला 'रात्री नऊनंतर मोरीतला नळ सोडू नये' हा नियम जाचत होता, कारण दुसऱ्या पाळीहून मी घामानं चिप्प होऊन यायचो. मी तक्रार केली. सिस्टर भिंतीपाशी गेल्या आणि ती ओळ वाचली.

"आधीच्या भाडेकरणीचं लेकरू झोपत नव्हतं. नळाच्या आवाजानं दचकायचं. म्हणून लिहिला होता." मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "ते लेकरू आता कॉलेजात असन. नियम इथंच राहून गेला." त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा आणला आणि स्वतःच्या हातानं ती ओळ पुसली. निळा डाग मात्र शेवटपर्यंत राहिला.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढे जे झालं त्यात सिस्टरांना लोक हट्टी म्हणाले, आडमुठ्या म्हणाले, आणि एका पुढाऱ्यानं तर विकासाच्या आड येणारी बाई म्हटलं. मला आजही त्याचा संताप येतो.

घराची मागची बाजू तलावाकडे होती. कोणत्या तलावाकडे ते सांगत नाही; सांगितलं तर कुणीतरी हौशी माणूस जाऊन फाइल पुन्हा उघडायचा. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून कधीकाळी कवेलूंच्या छपराची पडवी होती. मी राहायला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात वादळ आलं आणि खांबांसकट ती खाली गेली. मी गेलो तेव्हा दार होतं आणि दाराबाहेर काहीच नव्हतं. खाली पुरुषभर खोल उतार, दगडगोटे, बेशरमाची झुडपं आणि चिखल. कुणी झोपेत पाऊल टाकू नये म्हणून सिस्टरांनी दारात एक जुनी साडी आडवी बांधली होती.

चारचा चहा झाला की त्या उंबऱ्याच्या आत स्टूल ठेवून बसत. गुडघे गेलेले होते, त्यामुळे घराला वळसा घालून उतारावरून काठाशी जाणं त्यांना शक्य नव्हतं. स्टुलावरून पलीकडचा काठ दिसे, आभाळ दिसे; जवळचं पाणी उंबऱ्याखाली लपून जाई.

"पाणी दिसत नाही गा," त्या म्हणत. "पाण्याचा उजेड तेवढा दिसते."

त्यांना पडवी परत हवी होती. एक खुर्ची मावेल एवढी. याहून जास्त काही त्यांनी कधी मागितलं नाही.

आणि इथंच त्यांच्या हातून ती चूक झाली, जी आमच्या लाइनीत तोवर कुणीच केली नव्हती. त्यांनी परवानगीचा अर्ज केला.

शेजारी एक कंत्राटदार राहत. त्यांनी तलावाच्या बाजूनं दोन खोल्या आणि एक संडास वाढवला होता, दिवाळीच्या सुट्ट्यांत. ती आमच्याकडची रीतच आहे. सरकारी ऑफिसं बंद झाली की तलावाकाठी बांधकामाची गिट्टी पडायला लागते. सिस्टरांनी अर्ज केल्याचं कळताच कंत्राटदार कपाळाला हात लावून आले.

"सिस्टर, अर्ज कायले केला? दिवाळीत चार दिवस ऑफिस बंद राहते. तेवढ्यात टाकून घ्यायचं ना! उघडल्यावर कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिली ना," सिस्टर म्हणाल्या.

कंत्राटदारांना उत्तर समजलं नाही. ते आपल्या दोन खोल्यांकडे एकदा पाहून निघून गेले.

अर्जाचं उत्तर आलं की तलावाच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही. सिस्टर मला घेऊन बांधकाम परवानगीच्या ऑफिसात गेल्या. तिथले साहेब वाईट नव्हते. टक्कल, चष्मा, टेबलावर डबा, आणि अर्जदार बाई म्हातारी आहे म्हणून आधी खुर्ची देण्याइतके संस्कार. त्यांनी नीट समजावून सांगितलं.

"सिस्टर, पडवी उभी असती ना, तर दुरुस्तीची परवानगी मी आज दिली असती. पण ती पडली. पडलेल्याची दुरुस्ती होत नसते. ते नवीन बांधकाम होते."

"पेशंट चक्कर येऊन पडला," सिस्टर म्हणाल्या, "तर तुम्ही त्याले उचलता, का नवीन जन्माचा दाखला मागता?"

साहेब हसले. "नियम आहे, सिस्टर. तलाव वाचला पाहिजे ना."

"वाचलाच पाहिजे. नियम मले पटलेला आहे. कुठं लिहिलं आहे ते मी वाचून आली. पण मंग त्या पलीकडच्या काठावर काय होऊन राहिलं?"

पलीकडच्या काठावर तलावाचं सौंदर्यीकरण चाललं होतं. पाण्यात भराव घालून काँक्रीटच्या पायऱ्या, खाण्याचे ठेले, रंगीत दिवे, आणि फोटो काढायला लोखंडी मोर. मोराच्या पिसाऱ्यात लाइट होते. सायंकाळी ते लागले की आमच्या काठावरची बदकं उठून जायची.

"ते सार्वजनिक हिताचं काम आहे," साहेब म्हणाले.

"अन् मी कोण? मी काय प्रायव्हेट आहे?"

बाजूच्या टेबलावरचा कारकून फिसकन हसला. साहेबांनी फाइल बंद केली आणि आम्ही परत आलो.  घरी आल्यावर त्यांनी स्टूल उंबऱ्याशी नेलं आणि पाठ करून बसल्या. 

कंत्राटदारांनी सेटिंगची भाषा काढून पाहिली. एका भाडेकरूनं रातोरात पत्र्याचं शेड टाकून देतो म्हटलं. सिस्टरांनी दोघांनाही दार दाखवलं. "कायदा आमच्या माणसानं लिहिला आहे," त्या म्हणाल्या. "मी त्याले चोरासारखी मागच्या दारानं नाही भेटणार."

मार्च आला. होळी झाली की नागपुरात घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात. वाळ्याच्या नवीन टट्ट्या, पंपाची दुरुस्ती, आणि खिडकीबाहेर लोखंडी अँगलचा स्टँड ठोकून त्यावर तो अवजड डबा चढवणं, हा आमचा सणच असतो. माझ्या खोलीची खिडकी मागच्या दाराला लागून होती. मिस्त्री दारातून अर्धा बाहेर लोंबकळत खिडकीखाली स्टँड ठोकत होता. सिस्टर त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या.  मग मला म्हणाल्या, "चाल."

"कुठं?"

"ऑफिसात."

साहेबांनी या वेळीही खुर्ची दिली. सिस्टर बसल्या आणि सरळ विचारलं, "कूलरच्या स्टँडले परवानगी लागते का?"

सगळं ऑफिस हसलं. साहेबांना तर ठसका लागला. "सिस्टर, कूलरले परवानगी? अहो, नागपुरात असा नियम केला तर लोकं आम्हाले जित्ते ठेवतीन का?" त्यांनी मागं हात केला. त्यांच्याच खिडकीबाहेर, फूटपाथवर झुकलेला, गंजका स्टँड होता आणि त्यावरून टेबलावर गार वारा येत होता.

"म्हणजे लागत नाही. तलावाच्या काठावरही?"

"नाही लागत."

सिस्टरांनी हात पुढे करून साहेबांचं मनगट धरलं. साहेब गांगरले, पण हात काढून घेतला नाही. त्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. "खरं बोलून राहिले," त्या मला म्हणाल्या. मग साहेबांना, "स्टँड किती मोठा पाहिजे, असं कुठं लिहिलं आहे?"

"कुठंच नाही. जेवढा कूलर तेवढा स्टँड."

पुढच्या आठवड्यात घरासमोर टेंपो उभा राहिला. त्यातून जो कूलर उतरला तो मी फक्त लग्नाच्या हॉलमध्ये पाहिला होता. बंद पडलेल्या एका मंगल कार्यालयातून सिस्टरांनी तो आणला होता. माझ्या खोलीत तो आत ठेवला असता तर मला बाहेर झोपावं लागलं असतं. कामठी रोडवरच्या फॅब्रिकेटरनं स्टँड केला. खिडकीपासून सुरू होऊन मागच्या दाराच्या पार पलीकडे जाणारा, खाली लोखंडी जाळी आणि तीन बाजूंनी कठडा. भिंतीत काहीही चिणलेलं नाही, सगळं नटबोल्टवर. पाना घेतला की उतरवता यावं. सिमेंटचं एक घमेलं लागलं नाही.

"कठडा कायले?" फॅब्रिकेटरनं विचारलं.

"कूलर पडू नये म्हणून," सिस्टर म्हणाल्या आणि कुणी आपली नाडी पाहू नये म्हणून आपलाच हात मागं घेतला.

त्या दिवशी सायंकाळी त्यांनी दारातली साडी सोडली. कूलरच्या बाजूला उरलेल्या जागेत वेताची खुर्ची ठेवली आणि कठड्याला धरून, एकेक पाऊल टाकत, त्या बाहेर गेल्या. कठड्यापलीकडे खाली पाणी दिसत होतं. त्या बसल्या. मी आतून पाहत होतो. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मी आनंद म्हणेन, आणि तो इतका उघडा होता की मलाच संकोच वाटला.

बाकी गंमत अशी होती की कूलर वारा आत फेकतो. म्हणजे माझी खोली शिमला झाली होती आणि सिस्टर बाहेर त्याच्या पाठीशी, लूच्या झळांत, डोक्याला ओला दुपट्टा बांधून बसलेल्या. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, तलाव आटून हिरवा झाला, वास सुटला, पलीकडच्या मोराचं एक पीस गळून पडलं. सिस्टर हलल्या नाहीत. "उन्हाळ्यात पाणी असंच राहते," त्या म्हणत. "म्हातारपणी कोण सुंदर दिसते गा?"

पाऊस लागला. लाइनीतले कूलर उतरले. आणि कंत्राटदारांनी तक्रार केली. त्याचं कारण मला नंतर कळलं. सिस्टरांचा स्टँड पाहायला पोरं काठावरून यायला लागली होती, त्यांच्यामागं एक वर्तमानपत्राचा माणूस आला, आणि सगळ्यांची नजर आधी सिस्टरांच्या स्टँडवर आणि मग आपोआप शेजारच्या दोन खोल्यांवर जात होती. ते कंत्राटदारांना नको होतं. तक्रारीत मुद्दा एकच होता: आता उन्हाळा नाही, कूलर कुणी लावत नाही, तर मग हा स्टँड कशाचा? ही पडवीच आहे.

नोटीस आली. स्टँड स्वतः काढा, नाहीतर आम्ही काढू. सुनावणीची तारीख.

सुनावणीला मी रजा टाकून गेलो. कंपनीत कारण सांगितलं घरचं काम, आणि ते खोटं नव्हतं. साहेबांच्या टेबलासमोर सिस्टर, कंत्राटदार आणि मी. बाजूला एक नवीन तरुण इंजिनिअर लिहून घेत होता.

साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आमच्याच तोंडून काढून घेतलं ते ठीक आहे. पण खरं सांगा. तुम्हाले कूलर पाहिजे होता का पडवी?"

"पडवी," सिस्टर म्हणाल्या.

मी डोळे मिटले. वकील केला असता तर त्यानं तिथंच फाइल फेकली असती.

"पण तुम्ही पडवी दिली नाही," सिस्टर पुढे बोलल्या, "अन् चोरून मले बांधायची नव्हती. साहेब, माझी आजी या तलावाच्या वरच्या अंगाले राहत होती. तिले घाटावर घागर बुडवू देत नव्हते. दुसरं कोणी वरून पाणी ओतीन तेव्हा घ्यायचं, तोपर्यंत उन्हात बसून राहायचं. तिनंही विचारलं असन, काहून? तिलेही हेच सांगितलं असन, नियम आहे. आम्ही दीक्षा घेतली, शिकलो, मी नोकरीले लागली. तेव्हा हा प्लॉट कोणी फुकट घेत नव्हतं. मच्छर होते, वास होता, रिक्षावाला येत नव्हता. पूर्ण दवाखाना म्हणे, सिस्टर पागल झाली. मले पाण्याच्या काठी बसायचं होतं. कोणाले न विचारता बसायचं होतं. म्हणून घेतला."

 साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सिस्टर, तो नियम अन् हा नियम एक नाही. हा तलाव वाचवाले केला आहे."

"हाव, बरोबर. म्हणून तर तो मानला नाही अन् हा मानते. एक गिट्टी मी पाण्यात टाकली नाही. माझ्या संडासाची लाइन मोठ्या गटाराले जोडली आहे, पाहून घ्या. लाइनीत आणखी कोणाची जोडली आहे तेही पाहून घ्या." कंत्राटदार खुर्चीत हलले. "आता तुम्ही मले एकच सांगा. माझ्या स्टँडनं तलावाचं काय बिघडून राहिलं? तुम्ही सांगा, मी आज काढते. पाना माझ्या पर्समध्ये आहे."

आणि खरंच, त्यांनी पर्समधून पाना काढून टेबलावर ठेवला.

  साहेबांनी फाइल वरखाली केली, इंजिनिअरशी हळू बोलले, आणि शेवटी निकाल सांगितला. कूलर वापरात असेपर्यंत स्टँड ही तात्पुरती सोय समजण्यात येईल. कोणत्याही दिवशी पाहणीत कूलर बंद आढळला, तर स्टँड काढण्यात येईल. हे सांगताना त्यांच्या तोंडावर सुटल्याचा भाव होता. कंत्राटदारांच्याही. पावसाळा आणि हिवाळा मिळून सहा-आठ महिने नागपुरात कूलर कोण चालवतं? आठ दिवसांत विषय आपोआप मिटणार होता.

"लिहून द्या," सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरी कूलर बंद झाला नाही. सिस्टर बाहेर असोत की आत, कूलर चालू. श्रावणातल्या दमट हवेत माझे कपडे, गादी, पुस्तकं, सगळं ओलं. भाद्रपदात मला खोकला झाला, तो सिस्टरांनीच बरा केला. मी म्हटलं, निदान पंप तरी बंद ठेवा, नुसता पंखा फिरू द्या. सिस्टर म्हणाल्या, "पाण्याशिवाय कूलर म्हणजे पंखा. पंख्याचा निकाल झालेला नाही." लाइनीतले लोक येता-जाता हसायचे. माझा मित्र म्हणाला, दुसरी खोली बघ, तुला काय वेड लागलं आहे का? मी त्याच्याशी भांडलो. इतकं भांडलो की दोन महिने तो बोलला नाही. मला सिस्टरांचा अभिमान वाटत होता, आणि त्या खोलीतून निघून जाणं मला पळून गेल्यासारखं वाटलं असतं. साधी गोष्ट आहे.

डिसेंबर लागला. नागपूरची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. त्यांनी एकदा तलावाकाठी येऊन राहावं. मी दोन स्वेटर, माकडटोपी आणि ब्लँकेट घेऊन झोपत होतो आणि डोक्याशी लग्नाच्या हॉलचा कूलर धो धो वारा टाकत होता. एका सकाळी बसला निघायच्या बेतात होतो, तर दारात तो तरुण इंजिनिअर उभा. नोंदवही हातात, मफलरमधून फक्त नाक बाहेर. पाहणीला आला होता.

मी त्याला स्वयंपाकघरातून मागं नेलं. सिस्टर बाहेर खुर्चीत होत्या. शाल, तिच्यावर घोंगडी, पायात लोकरी मोजे, आणि बाजूला कूलर गरगरत होता. त्यांचे ओठ निळसर पडले होते. पुढे तलाव तुडुंब भरलेला, त्यावर धुकं, आणि धुक्यात बदकांचे थवेच्या थवे. थंडीत दुरून येणारी बदकं. पलीकडचे मोराचे दिवे बंद पडल्यापासून ती आमच्या काठाशी उतरायला लागली होती. इंजिनिअर दारातच थांबला. पाहणी करायची ती कूलरची, पण तो कितीतरी वेळ पाण्याकडेच पाहत राहिला.

मग त्याला सिस्टरांचे ओठ दिसले. 

"सिस्टर," तो म्हणाला, "बंद करा हो तो. निमोनिया होईन तुम्हाले. मी लिहून टाकतो, वापरात आहे म्हणून. पुढच्या वेळेसही तेच लिहीन. मी कोणाले सांगणार नाही, तुम्ही आरामात बसा."

माझा हात स्विचकडे गेलासुद्धा. कितीतरी महिने मी या वाक्याची वाट पाहत होतो.

"हात काढ," सिस्टर मागं न पाहता म्हणाल्या.

मी काढला.

"तू चांगला पोट्टा आहेस," त्या त्याला म्हणाल्या. "पण उद्या तुझी बदली होईन. अन् नाही झाली, तरी तू चांगला आहेस म्हणून मी इथं बसली, असं मले नाही पाहिजे. माणसाच्या चांगुलपणावर माझी आजी बसत होती, कोणी ओतीन म्हणून वाट पाहत. मी हक्कानं बसून राहिली. तू बाहेर ये. मोटर पाहून घे, टाकीत पाणी आहे का पाहून घे, अन् जे आहे तेच लिही."

तो जाळीवर आला. वाकून मोटरीला कान लावला. मग बाही वर करून टाकीत हात घातला आणि थंडीनं 'स्स' करून बाहेर काढला.

"पाणी कमी आहे, सिस्टर," तो हळूच म्हणाला. "पंप ओढून नाही राहिला."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बस चौकात हॉर्न देत होती. मी मोरीत गेलो, बर्फासारख्या पाण्याची बादली भरली, दोन्ही हातांनी उचलून आणली आणि कूलरच्या टाकीत ओतली. मग दुसरी आणायला गेलो.